पार्किंग कुणाच्या बापाचं?

'भाडेकरूंनी आपल्या गाड्या गेटबाहेर लावाव्यात. आत आढळल्यास हवा सोडण्यात येईल. हुकूमावरून.'

ही पाटी नाशकाला नवी नाही. सिडकोत बघा, इंदिरानगरात बघा, पाथर्डी फाट्याला बघा, नाशिकरोडला बघा. कुठे शब्द थोडे नरम, कुठे जास्तच गरम. काही ठिकाणी पाटीसुद्धा नसते, नुसती वॉचमनची शिट्टी असते. आणि जिथे आत लावू देतात तिथे दर असतो. मालकाला वेगळा, भाडेकरूला वेगळा.

मी विचारतो, हुकूम कुणाचा? पाटीखाली सही नाही, ठरावाचा नंबर नाही, तारीख नाही. असला बिनबापाचा हुकूम आपण मुकाट पाळतो. का? तर आपण भाड्यानं राहतो. अकरा महिन्यांचा करार आणि बाराव्या महिन्याची भीती. या भीतीवर हा सगळा धंदा चाललाय.

दोस्तांनो, तुम्ही म्हणाल, चळवळीच्या अनियतकालिकात हे पार्किंगचं काय काढलं? नोकऱ्या कंत्राटी झाल्या, शिष्यवृत्त्या लटकल्या, खेड्यात अजून पोरं मार खातात, आणि हा गडी स्कूटरच्या जागेवर रडतोय! रडत नाही, भाऊ. हिशोब मागतोय. आपली पिढी वस्तीतून निघाली, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत लागली, दोन खोल्यांच्या फ्लॅटात भाड्यानं आली. गावाची वेस सुटली असं आपल्याला वाटलं. तर इथं अपार्टमेंटचं गेट उभं. रोज रात्री शिफ्ट सुटल्यावर या गेटाशी गाठ आहे. जिथे रोज गाठ पडते तिथलं बोललं नाही, तर मग बोलायचं कशावर?

मी राहतो त्या इमारतीचा हिशोब मांडतो. नाव घेत नाही, कारण हे दुखणं एकाच इमारतीचं नाही. मालक स्वतः राहत असेल तर त्याच्या दुचाकीला काही नाही, मोटारीला महिना शंभर रुपये. भाडेकरूच्या दुचाकीला महिना तीनशे. तळमजल्यावर एक रिक्षावाला भाड्यानं राहतो. त्याची रिक्षा आत नकोच, 'इमारतीची शोभा जाते'. ती रात्रभर रस्त्यावर. पहाटे उठून तो आधी काचा शाबूत आहेत का बघतो, मग तोंड धुतो. पैसे द्यायचे ते सेक्रेटरीच्या मोबाईलवर स्कॅन करून, त्याच्या स्वतःच्या खात्यात. पावती मागितली तर म्हणाला, "तुम्ही मेंबर थोडेच आहात? पावती मेंबरला असते." वा रे न्याय! पैसे घेताना मी आहे, पावती फाडताना मी नाही.

आता जागेचं गणित करू. बांधकामाच्या नियमात एका मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. साडेबारा चौरस मीटर. स्कूटरला एक बाय दोन, म्हणजे दोन चौरस मीटर. एका मोटारीच्या जागेत सहा स्कूटर सहज मावतात. आमच्याकडे मालकाची मोटार शंभर रुपयांत साडेबारा मीटर अडवते. चौरस मीटरला आठ रुपये पडले. भाडेकरूची स्कूटर तीनशे रुपयांत दोन मीटर घेते. चौरस मीटरला दीडशे रुपये पडले. जवळजवळ एकोणीस पट! आणि वर म्हणायचं, भाडेकरूंमुळे जागा पुरत नाही.

साडेबारा चौरस मीटर म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्या खोल्यांत आपल्या माणसांचे संसार झाले, पोरं शिकली, १९७४ साली वरळीत दंगलीचा मार खाल्ला तोही त्याच खोल्यांतून. एका कुटुंबाला जेवढी जागा या व्यवस्थेनं दिली, जवळपास तेवढी ती आता एका झोपलेल्या मोटारीला देते, आणि तीही जवळजवळ फुकट.

आता कायदा. कायदा वाचायला कंटाळवाणा असतो हे खरं. पण चौकाचौकातल्या पुतळ्याच्या हातात पुस्तक दिलंय, ते हार घालताना टेकू म्हणून नाही.

नाशकातल्या पुष्कळ इमारती सोसायटी नसून 'अपार्टमेंट' आहेत. त्यांना १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट लागू. त्या कायद्यात सामाईक जागांची यादी आहे. तीत अंगण आहे, बाग आहे आणि पार्किंगची जागाही आहे. इमारतीच्या घोषणापत्रात, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, वेगळं काही लिहिलं नसेल तर पार्किंग सगळ्या फ्लॅटांचं मिळून आहे. म्हणून पहिला प्रश्न, घोषणापत्र दाखवा. सेक्रेटरीनं ते शेवटचं कधी उघडलं होतं, तेही कळेल.

इमारत सोसायटी असेल तर दुसरी गोष्ट ऐका. मुंबईत दहिसरच्या एका सोसायटीत बिल्डर म्हणाला, खांबांमधली स्टिल्टची पार्किंग माझी, मी ती वेगळी विकणार. भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल लागला. १९६३ च्या मोफा कायद्याखाली स्टिल्टची जागा म्हणजे फ्लॅटही नाही आणि गॅरेजही नाही, ती सामाईक जागा आहे, बिल्डरला ती सुटी विकता येत नाही. पुढं २०१६ चा रेरा कायदा आला. त्यानं उघडी पार्किंग सामाईक जागेत घातली. छप्पर आणि तीन भिंती असलेलं गॅरेज तेवढं वेगळं धरलं. म्हणजे आभाळाखालच्या फरशीवर पिवळा पट्टा मारून 'ही माझी' म्हणण्याला रेराचा आधार नाही.

हे झालं मालक आणि बिल्डरचं. मग भाडेकरू यात कुठे? इथेच ग्यानबाची मेख आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्यात 'जागा' या शब्दाच्या व्याख्येत नुसत्या चार भिंती नाहीत. इमारतीला लागून असलेलं आवार, बाग, गॅरेज हेही त्यात येतं. साधी अक्कल लावली तरी हेच निघतं. फ्लॅट भाड्यानं दिला म्हणजे जिना दिला, लिफ्ट दिली, नळ दिला, गच्चीवरची वाळणाची दोरी दिली. मालक स्वतः तिथं राहत नाही. त्याच्या फ्लॅटच्या वाट्याची गाडीची जागा रिकामी आहे. त्याच्या जागी मी आलो, माझी गाडी आली. इमारतीवरचं ओझं एका गाडीनंही वाढलं नाही. मग जादा दर कशाचा? करारात मालकानं पार्किंग स्वतःकडे राखून ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. पण तेही त्याचं आणि माझं बोलणं. मध्ये सेक्रेटरीचा मोबाईल कुठून आला?

मालक म्हणतात, आम्ही कर्ज काढून घर घेतलं, तुम्ही आज आहात उद्या नाही. झाडलोट, दिवे, वॉचमन, यांचा खर्च कोण करणार? प्रश्न बरोबर आहे. खर्च आम्हीच करतो! आमच्या भाड्यातूनच मालक मेंटेनन्स भरतो. शिवाय मालक राहत नसेल तर सोसायटी त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेते. यात पूर्वी सोसायट्या मनमानी करायच्या. म्हणून १ ऑगस्ट २००१ रोजी सरकारनं आदेश काढला, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर जायचं नाही. सोसायट्या कोर्टात गेल्या. २००७ साली मुंबई हायकोर्टानं ती मर्यादा उचलून धरली. पुढचं दार असं बंद झालं. आता मागच्या दारानं तोच पैसा भाडेकरूच्या स्कूटरवर बसवून काढायचा डाव आहे. पार्किंगचा जादा दर म्हणजे त्या १० टक्क्यांना लावलेली शिडी.

फुकट मागतोय असं कुणी समजू नये. सर्वसाधारण सभेनं ठरवलेला दर असेल, तो मालकाला आणि भाडेकरूला एकच असेल, आणि पावती मिळत असेल, तर पैसे टिच्चून देऊ. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत पार्किंगचा दर ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेला दिलाय, जिन्यात उभ्या असलेल्या तीन टाळक्यांना नाही. त्याच उपविधीत स्कूटर आणि मोटारसायकलच्या शेजारी ऑटोरिक्षाही लिहिलेली आहे, समितीची परवानगी घेऊन आवारात लावायची म्हणून. रिक्षानं शोभा जाते हे ज्यांना वाटतं, त्यांनी आधी स्वतःचं नियमांचं पुस्तक वाचावं.

'खाजगी मालकी' हा शब्द आपल्याला कुणी नव्यानं शिकवू नये. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलो, तर डिसेंबरात सवर्णांनी कोर्टात दावा लावला. काय म्हणाले? तळं सार्वजनिक नाहीच, आमचं खाजगी आहे आणि आमची पूर्वापार वहिवाट आहे. दहा वर्षं खटला चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं निकाल दिला, वहिवाट शाबीत होत नाही. सगळ्यांच्या वस्तूला कुंपण घालायचं आणि विचारलं की 'पहिल्यापासून असंच आहे' म्हणायचं, ही युक्ती इतकी जुनी आहे. इथं नाशकात २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराचे चार दरवाजे धरून आपली माणसं बसली, पाच वर्षं लढा चालला. देव बघायची हौस म्हणून ती बसली नव्हती. दार कुणाचं, एवढाच प्रश्न होता.

पण गल्लत करू नका. पार्किंगची पाटी म्हणजे अस्पृश्यता, असं मी म्हणत नाही. विदर्भातून आलेल्या सवर्ण पोरालाही ती पाटी लागते, त्याचीही हवा सुटते. तो आपला दोस्त आहे, त्याला घेऊनच हे भांडायचंय. मात्र एक बघा. पाटी सगळ्यांना लागते, सूट मात्र आडनाव बघून मिळते. "अहो, ते आपल्यातलेच आहेत, लावू द्या त्यांना." हे 'आपल्यातले' कोण, ते मी लिहायची गरज नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो २०१५ साली छापून आला. दलित म्हणून घर मागणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांना सरळ नकार मिळाला. २३ टक्क्यांना 'देतो, पण' असं उत्तर मिळालं, म्हणजे जादा अटी. नकार बोचतो म्हणून लक्षात राहतो. 'देतो, पण' मधला 'पण' महिन्याच्या महिन्याला खिशातून जातो, आणि तो जातीचा होता हे कधी शाबीत होत नाही. तीनशे रुपयांचं पार्किंग हा तो 'पण' आहे.

१९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर आले, तेव्हा त्यांना शहरात भाड्याची खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत उतरले, तिथून काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. देशातला सगळ्यात शिकलेला भाडेकरू! १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात कुठल्याही वस्तीत राहायच्या हक्काचं कलम आलं, ते काही हवेतून आलं नाही. आणि २०१५ ची ॲट्रॉसिटी कायद्याची दुरुस्ती बघा. दलितानं सार्वजनिक जागी सायकल किंवा मोटारसायकल चालवली म्हणून त्याला अडवणं हा गुन्हा, हे त्यात अक्षरशः लिहावं लागलं. एकविसाव्या शतकात! ज्या देशात आपल्या दोन चाकांना कायद्याचं कलम लागतं, तिथे गाडी कुठे लावायची हा किरकोळ प्रश्न कसा?

हवा सोडण्याबद्दल, चाकाला साखळी घालण्याबद्दलही बोलू. दुसऱ्याचं टायर मुद्दाम फोडलं तर फौजदारी कायद्यात त्याला आगळीक म्हणतात, तो गुन्हा आहे. सेक्रेटरीला पोलिसाचा बिल्ला कुणी दिला? साहेबलोकांच्या देशातही हा माज होऊन गेला. स्कॉटलंडमध्ये खाजगी जागेतल्या गाड्यांना लोखंडी जबडा लावून पैसे उकळायचे. १९९२ साली तिथल्या वरिष्ठ कोर्टानं सांगितलं, ही खंडणी आहे आणि चोरीसुद्धा. इंग्लंड-वेल्समध्ये २०१२ पासून असे जबडे लावायला कायद्यानं बंदी आली. २०१६ साली ऑक्सफर्डच्या कोर्टात एका रहिवासी बाईचा खटला आला. सामान उतरवायला तिनं इमारतीच्या दाराशी गाडी क्षणभर थांबवली, तर पार्किंगच्या कंपनीनं दंड लावला. कोर्ट म्हणालं, घराच्या करारानं तिला मिळालेला हक्क कंपनीच्या पाटीनं मरत नाही. गोऱ्याच्या कोर्टाचा निकाल आपल्याला लागू नाही, ठाऊक आहे. पण प्रश्न तोच आहे. करार मोठा की पाटी मोठी?

आता थोडं आपल्या घरातलं. आपल्यातले काही शिकले, साहेब झाले, फ्लॅटमालक झाले. आनंद आहे. पण सभेत भाडेकरूंच्या विरोधात हात वर होतात तेव्हा त्यात निळ्या मनगटाचे हातही दिसतात. ज्याचा बाप चाळीत सार्वजनिक नळावर भांडला, तो आता स्टिल्टमध्ये पिवळा पट्टा मारतो. चेअरमनच्या खुर्चीवर आपला माणूस बसला म्हणून खुर्ची आपली होत नाही. त्याला जयभीम घालायचा आणि त्याच दमात विचारायचं, साहेब, ठरावाची प्रत द्या.

मग करायचं काय? एकट्यानं सेक्रेटरीशी हुज्जत घालून काही होत नाही, तो मालकाला फोन करतो आणि मालक तुम्हाला. म्हणून आधी इमारतीतले सगळे भाडेकरू एका खोलीत बसवा. मग ही कामं करा.

एक. करार नोंदवलेला हवा आणि गाडीची जागा त्यात लिहिलेली हवी. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी केली नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलटं शाबीत करायचं ओझं मालकावर येतं. भाडे नियंत्रण कायद्याचं ५५ वं कलम वाचा. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड त्यात लिहिलाय. मालक तुम्हाला जेवढा घाबरवतो, तेवढं घाबरायला त्यालाही कारण आहे.

दोन. पैसे मागितले की लेखी मागा. कुठल्या सभेचा ठराव, कुठली तारीख, मालकाला दर किती. पावतीशिवाय रुपया नाही. स्कॅन करून दिलेच असतील तर मोबाईलवरची नोंद जपा, ती तुमची पावती.

तीन. सोसायटीचं येणं असेल तर ते सभासदाकडून, म्हणजे मालकाकडून. तुमचा करार मालकाशी आहे. त्याला पत्र लिहा, की फ्लॅटसोबत दिलेली जागा मला मिळत नाही. डिपॉझिटमधून 'पार्किंगचा दंड' कापला तर करारातलं कलम दाखवायला सांगा.

चार. सोसायटी ऐकत नसेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या ९१ व्या कलमात सभासदामार्फत हक्क सांगणारा माणूसही वादाचा पक्षकार होऊ शकतो. 'तुम्ही मेंबर नाही' हे त्यावरचं उत्तर होत नाही.

पाच. टायर फुटलं, साखळी पडली, तर फोटो काढा आणि पोलीस चौकीत लेखी अर्ज द्या. चार जण मिळून जा.

यात क्रांती कुठे आहे, असं कुणी विचारेल. नसेल. पण दर महिन्याला तीनशे रुपये आणि थोडी मान, एवढं हे गेट आपल्याकडून घेतं. रुपये परत मिळवता येतात. मान रोज थोडी थोडी दिली की ती खालीच राहायची सवय लागते, आणि सवय लागलेला माणूस मोर्चात येऊनही घोषणा हळूच देतो. पुढच्या रविवारी आपल्या इमारतीतल्या भाडेकरूंची यादी करा. कुणाकडून किती घेतात, मालकाकडून किती, पावती मिळते की नाही, तीन रकाने पाडा. ही यादी आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात ती नावं वगळून छापू. एकेका इमारतीचा हिशोब शेजारी शेजारी लागला, की कुणाच्या बापाचं काय आहे ते सगळ्या नाशकाला कळेल.

जयभीम!